पेरणीच्या आधी सांगा : ब्रिटनच्या शेती खात्याला खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री,
पर्यावरण, अन्न व ग्रामीण व्यवहार विभाग, लंडन

स. न. वि. वि.

या पत्राची इंग्रजी प्रत आपल्या कार्यालयात रीतसर पोचती केली आहे. हे मराठीत वेगळं लिहिते आहे, कारण युरोपीय संघाशी आपण बंद दाराआड ज्या अन्नसुरक्षा कराराची बोलणी करताय, त्याची झळ वेल्सच्या डोंगरातल्या मेंढपाळापासून नाशिक जिल्ह्यातल्या द्राक्षबागायतदारापर्यंत पोचणार आहे. माझे दोन्हीकडे लागेबांधे आहेत. आणि दोन्हीकडच्यांना कोणी काही विचारलेलं नाही.

माझी ओळख थोडक्यात. माहेर निफाड तालुक्यातलं, घरी द्राक्षबाग. परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली, इकडे येऊन इथली परीक्षा दिली आणि आता मध्य वेल्समध्ये सरकारमान्य पशुवैद्यक म्हणून काम करते. युरोपात जाणाऱ्या मांसाला आणि चीजला आरोग्य प्रमाणपत्र देणं हा माझ्या कामाचा मोठा भाग. ब्रिटन संघात होता तोवर या प्रमाणपत्रांची गरजच नव्हती, म्हणजे ब्रेक्झिटनं माझ्या पोटापाण्याची सोय केली असंच म्हणायला हवं. आपला नवा करार झाला तर हे काम बहुतेक बंद पडेल. तरीही करार व्हावा असं माझं मत आहे. माझी तक्रार तो ज्या पद्धतीनं होतोय त्याबद्दल आहे.

२३ जून २०१६च्या सार्वमतात वेल्सनं ५२.५ टक्के मतं बाहेर पडण्याच्या बाजूनं दिली. त्यात माझ्या ओळखीचे कितीतरी शेतकरी होते. मी राष्ट्रकुलातली नागरिक म्हणून मतदार होते, माझं मत राहण्याच्या बाजूनं पडलं. पण म्हणून बाहेर पडा म्हणणाऱ्यांना मी अडाणी समजत नाही, आणि लंडनमधल्या वर्तमानपत्रांनी त्यांची जी टिंगल केली तीही मला आवडली नाही. प्रत्येक मेंढीच्या कानातल्या इलेक्ट्रॉनिक बिल्ल्याचा हिशेब, कुठल्या शेतात किती पिकं घ्यायची याचे ब्रसेल्सचे, म्हणजे संघाचे, नियम, अनुदानाच्या अर्जात बांधाच्या मापात झालेल्या चुकीसाठी दंड, यानं माणसं जेरीस आली होती. राष्ट्रीय शेतकरी संघटनेनं संघात राहणंच हिताचं असं एप्रिल २०१६ मध्ये सांगितलं, पण प्रचारात उतरली नाही. शेतीचे तेव्हाचे राज्यमंत्री जॉर्ज युस्टिस मात्र बाहेर पडण्याच्या प्रचारात पुढे होते. कागद कमी होतील, अनुदान मिळत राहील, व्यापार चालूच राहील. शेतकऱ्यानं हे ऐकलं आणि मत दिलं.

आता कागदापासूनच सुरुवात करू.

कोकराच्या मांसाचा ट्रक फ्रान्सला निघायचा असला की त्याच्यासोबतचं प्रमाणपत्र इंग्रजीत असावं लागतं आणि जिथे माल तपासला जाईल त्या देशाच्या भाषेतही. प्रत्येक मालाचा कोड, खोक्यांची संख्या, निव्वळ वजन, कत्तलखान्याचा मान्यता क्रमांक, गाडीचा आणि सीलचा क्रमांक. मग छापील विधानांची रांग, त्यातली या मालाला लागू नसलेली एकेक खोडायची. प्रत्येक खोडलेल्या ओळीजवळ सही आणि शिक्का. शिक्क्याची शाई छपाईच्या रंगाहून वेगळी हवी. शेवटी सगळी पानं पत्त्यांसारखी पसरून त्यांच्या कडांवर मिळून एक शिक्का मारायचा, म्हणजे मधलं पान कोणी बदलू नये. एकदा माझ्या हातून गेलेल्या कागदांत काही गैर नव्हतं, तरी पलीकडच्या एका बंदरावरच्या अधिकाऱ्याला एका खोडलेल्या ओळीजवळचा शिक्का पुसट वाटला. ट्रक तिथेच उभा. मांस ताजं, गोठवलेलं नाही. पॅरिसजवळ रंजिसच्या घाऊक बाजारात पहाटे पोचायचं ते दुसऱ्या दिवशी पोचलं आणि गिऱ्हाइकानं भाव पाडून घेतलं. ते नुकसान फिरून कोकरं विकणाऱ्याच्या अंगावर आलं. माझी फी मात्र मला पूर्ण मिळाली.

एका प्रमाणपत्राला २०० पौंडांपर्यंत खर्च येतो. पूर्ण भरलेल्या ट्रकला तो झेपतो. पण चार जातींचं चीज थोडं थोडं पाठवणाऱ्या छोट्या कारखान्याला कागदाचा खर्च मालाच्या नफ्याहून जड होतो. माझ्याकडे येणाऱ्या अशा एका बाईंनी युरोपातली गिऱ्हाइकं एकेक करून सोडली. त्यांचं मत २०१६ साली कोणत्या बाजूला होतं हे मी कधी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. ब्रेक्झिटनंतर युरोपीय संघाकडे जाणारी शेतमालाची आणि अन्नपदार्थांची निर्यात २१ टक्क्यांनी घटली, हा आकडा आपल्याच सरकारनं मे २०२५ मध्ये दिला. त्या २१ टक्क्यांत बडे निर्यातदार फारसे नसावेत, या बाईंसारखेच जास्त असतील, असा माझा अंदाज.

दुसरी तक्रार याच सीमेच्या अलीकडच्या बाजूची. युरोपीय संघानं १ जानेवारी २०२१ या पहिल्याच दिवसापासून आपला माल तपासायला घेतला. आपण मात्र तिकडून येणाऱ्या मालाची तपासणी पाचदा पुढे ढकलली. आरोग्य प्रमाणपत्र मागायला ३१ जानेवारी २०२४ उजाडलं, प्रत्यक्ष माल उघडून बघायला ३० एप्रिल. तीन वर्षं आमचा माल बंदरात अडकत होता आणि तिकडचा माल सरळ दुकानात जात होता. महागाई वाढू नये म्हणून हे केलं असं सांगण्यात आलं. ठीक. पण ग्राहकासाठी दिलेल्या सवलतीचे पैसे शेतकऱ्याच्या खिशातून गेले, एवढं तरी कोणी म्हणायला हवं होतं.

तिसरी तक्रार ऑस्ट्रेलियाची, आणि या बाबतीत मला खरोखर राग आहे. युरोपीय संघाशिवाय आपण आपले करार करू शकतो हे जगाला दाखवायची घाई झाली होती. डिसेंबर २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाशी सही झाली, पाठोपाठ फेब्रुवारी २०२२ मध्ये न्यूझीलंडशी, आणि ३१ मे २०२३ पासून दोन्ही लागू. ऑस्ट्रेलियाच्या गोमांसाला पहिल्या वर्षी ३५,००० टन शुल्कमुक्त, दहाव्या वर्षी १,१०,००० टन. मेंढीच्या मांसाला २५,००० टनांपासून ७५,००० टनांपर्यंत. इथल्या मेंढपाळाला त्या बदल्यात काय मिळालं, हे मी अनेकांना विचारलं. उत्तर देणारा अजून भेटायचा आहे. पद सोडल्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये युस्टिस यांनीच संसदेत कबूल केलं की हा करार ब्रिटनच्या दृष्टीनं फारसा चांगला नव्हता. खुर्ची गेल्यावर सुचणारं शहाणपण आपल्याकडेही काही नवं नाही.

यावर आपले अधिकारी म्हणतील, अहो, पण ऑस्ट्रेलियाच्या मांसाचा लोंढा आलाय कुठे? गेल्या दोन वर्षांत कोकराला विक्रमी भाव मिळालाय. दोन्ही खरं आहे, आणि बाजारातले शेतकरीही हे मान्य करतात. पण इथला भाव चढलाय तो इथली मेंढरं कमी झाल्यामुळेही. आणि दक्षिण गोलार्धातल्या मांसाला चीनसारखी जवळची मोठी गिऱ्हाइकं आहेत म्हणून ते तिकडे जातंय. ती मागणी उद्या पडली तर कोट्याचं दार उघडंच आहे.

तुलनेसाठी आमच्याकडचं सांगते. भारत आणि ब्रिटन यांचा व्यापार करार २४ जुलै २०२५ रोजी झाला. त्यात भारतानं दूधदुभतं सवलतीबाहेर ठेवलं, सफरचंदंही. ब्रिटिश कोकराच्या मांसावरचा ३३ टक्के कर मात्र काढायचं मान्य केलं. वेल्सचं कोकरू भारतात पंचतारांकित हॉटेलाबाहेर कोण खाणार, हा प्रश्न वेगळा. मुद्दा असा की दिल्लीच्या कुठल्याही सरकारला दूध उत्पादकांची धास्ती असते. शेतकऱ्यांच्या बाबतीत दिल्लीचं वागणं मी आदर्श मानत नाही, कांद्याच्या निर्यातबंदीच्या झळा निफाडनं पुष्कळ सोसल्यात. तरी या एका बाबतीत ती माणसं टेबलावर बसण्याआधी आपल्या शेतकऱ्याला घाबरून होती. आपली नव्हती.

अनुदानाबद्दल थोडक्यात लिहिते, कारण वेल्सचं धोरण कार्डिफला ठरतं आणि आपला अधिकार इंग्लंडपुरता. युरोपच्या सामाईक शेती धोरणातून ब्रिटनच्या शेतीला वर्षाला सुमारे ३ अब्ज पौंड येत. डोंगरातल्या कित्येक शेतांचा निव्वळ नफा म्हणजे हेच अनुदान होतं. इंग्लंडमध्ये ते २०२१ पासून कमी करत आणलं आणि त्याऐवजी निसर्गरक्षणाच्या कामाचे पैसे देणारी योजना आणली. कल्पना चांगली होती, माझ्या ओळखीच्या सीमेपलीकडच्या शेतकऱ्यांनी ती मनापासून स्वीकारली. मग ११ मार्च २०२५ च्या संध्याकाळी निधी संपला म्हणून नव्या अर्जांना दार बंद झालं. बंद करायच्या आधी सहा आठवड्यांची सूचना देऊ असं खात्यानंच सांगून ठेवलं होतं. इकडे वेल्समध्ये फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मध्ये शेतकरी रस्त्यावर आले, कारण जमिनीच्या दहा टक्क्यांवर झाडं असावीत अशी अट येऊ घातली होती. कार्डिफच्या विधिमंडळाच्या पायऱ्यांवर त्यांनी रिकाम्या गमबुटांचे ५,५०० जोड मांडून ठेवले, जाऊ शकणाऱ्या एकेका रोजगाराचा एकेक जोड.

मजुरांचा प्रश्न सर्वांना ठाऊक आहे. फळं तोडायला पूर्वी रुमानिया, बल्गेरियातून माणसं येत. आता हंगामी व्हिसावर किरगिझस्तान, ताजिकिस्तान, उझबेकिस्तानहून येतात, सहा महिन्यांत परत जातात, आणि व्हिसाची संख्या वर्षाला किती हे ऐनवेळी कळतं. २०२१च्या शरदात कत्तलखान्यांत खाटीक कमी पडले आणि हजारो निरोगी डुकरं शेतावरच मारून फेकावी लागली. पशुवैद्यक म्हणून त्याबद्दल याहून जास्त लिहिणं मला जमणार नाही. स्कॉटलंडच्या बियाण्याच्या बटाट्याला तर १ जानेवारी २०२१ पासून युरोपचं दारच बंद आहे. बटाटा तोच, जमीन तीच, रोगही नवा नाही. फक्त देश बाहेर गेला.

आता मूळ विषयाकडे.

१९ मे २०२५ रोजी लंडनला युरोपीय संघासोबत आपली बैठक झाली. प्राणी, वनस्पती आणि अन्न यांच्या नियमांबाबत करार करायचं ठरलं. ब्रिटननं युरोपचे नियम पाळायचे, ते बदलतील तसे आपलेही बदलायचे, वाद झाला तर त्यांच्या कायद्याचा अर्थ त्यांचं न्यायालय लावणार, आणि बदल्यात बहुतेक मालाची प्रमाणपत्रं आणि तपासण्या जाणार. नियम ठरताना ब्रिटनला बोलता येईल, मत देता येणार नाही. २०२७च्या मध्यापर्यंत हे अंमलात आणायचा आपला मानस आहे.

इथल्या बिल्थ वेल्स या गावच्या गुरांच्या बाजारात उपाहारगृहाच्या टेबलावर याची चर्चा ऐकावी अशी असते. मेंढीवाला म्हणतो, उद्याच करा. त्याचं बरोबर आहे. इथल्या मेंढीच्या मांसाचा सुमारे तिसरा हिस्सा परदेशी जातो आणि त्यातला ९० टक्क्यांहून जास्त युरोपीय संघात. २०२०च्या अखेरीस करार झाला नसता तर त्यावर ४० टक्क्यांच्या वर शुल्क बसलं असतं, त्या डिसेंबरची भीती त्याच्या अजून लक्षात आहे. त्याच्या शेजारी बसलेला, बाहेर पडण्याच्या बाजूनं मत दिलेला आणि आजही ते मत न बदललेला म्हातारा विचारतो, मग आपण बाहेर पडलो कशाला? पूर्वी नियम करताना आपलं मत होतं, आता नियम तेच आणि मत नाही. त्याला उत्तर द्यायला कोणी धजत नाही, कारण तोही खोटं बोलत नाहीये. आणि सीमेपलीकडून, हेरफर्डशरमधून आलेला गहूवाला या दोघांचं ऐकून घेतो आणि एकच प्रश्न टाकतो: माझ्या शेतात आत्ता जे औषध चालतं, ते करार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी चालेल का?

त्याचा प्रश्न नीट समजून घ्या. गहू ऑक्टोबरात पेरतात आणि ऑगस्टात कापतात. २०२६च्या ऑक्टोबरात पेरलेल्या गव्हावर २०२७च्या वसंतात इथल्या कायद्यानं मान्य असलेलं बुरशीनाशक मारलं, आणि जूनमध्ये करार लागू झाला, तर ऑगस्टातलं पीक कोणाच्या नियमानं मोजणार? संघ सोडल्यानंतर ब्रिटनची औषधांची आणि त्यांच्या उर्वरित अंशाच्या, म्हणजे पिकात उरलेल्या औषधाच्या, मर्यादांची यादी वेगळी झाली आहे. काही ठिकाणी दोन याद्या जुळतात, काही ठिकाणी नाही. इंग्लंडनं २०२३ साली जनुक-संपादित पिकांसाठी वेगळा कायदाही करून ठेवलाय, त्याचं पुढे काय, हेही त्याला कळायला हवं.

या प्रश्नापाशी मला निफाड आठवतं. २०१० साली आमच्याकडची द्राक्षं युरोपात अडकली. क्लोरमेक्वाट क्लोराइड, ज्याला आमच्याकडे सगळे सीसीसी म्हणतात, त्याचा अंश मर्यादेहून जास्त निघाला. वेलीची वाढ आवरायला ते राजरोस वापरलं जात होतं आणि निर्यातीआधीच्या तपासणीच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. बागायतदारानं यादीप्रमाणे सगळं केलं, तपासणीचा अहवाल स्वच्छ आला, कंटेनर गेला, आणि तिकडे वेगळीच यादी काढून बसले होते. आमच्या घरच्या मालाचे पैसे त्या वर्षी जवळजवळ बुडाले. कर्ज किती वर्षं चाललं ते वडिलांनाच माहीत.

द्राक्षाची फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. त्यानंतरच्या फवारण्यांवर फेब्रुवारी-मार्चमधल्या मण्यातला अंश ठरतो. २०२१ पासून निफाडच्या बागायतदाराला युरोपात रॉटरडॅम बंदराला जाणाऱ्या मालासाठी एक यादी आणि ब्रिटनला जाणाऱ्या मालासाठी दुसरी, अशा दोन सांभाळाव्या लागतात. घड तर एकाच वेलीवरचे, फवारणीही एकच, म्हणून तो दोन्हींतली कडक मर्यादा धरून चालतो. आपण युरोपशी जुळवून घेतलंत तर पुन्हा एकच यादी होईल आणि त्याचं काम हलकंच होईल. पण ती बदलण्याची तारीख जर जानेवारीत कळली, तर त्या हंगामातलं त्याच्या हातातलं सगळं करून झालेलं असेल.

म्हणून माझ्या मागण्या या आहेत.

औषधांच्या आणि उर्वरित अंशाच्या दोन याद्यांमध्ये नेमका कुठे फरक आहे, ते पीकवार, करारावर सही होण्याआधी जाहीर करा. हे गुपित नाही, दोन्ही याद्या छापलेल्याच आहेत. समोरासमोर मांडायचं काम मात्र खात्याचं आहे, ते शेतकऱ्यावर टाकू नका.

नवा नियम कॅलेंडरच्या तारखेनं लागू करू नका, पेरणीच्या तारखेनं करा. जे पीक जुन्या नियमात जमिनीत गेलं ते जुन्या नियमातच विकलं जाऊ द्या. गोदामातल्या धान्यालाही हेच. फळबागांना त्यांच्या छाटणीच्या आधी सूचना द्या, आणि बाहेरच्या देशांतल्या उत्पादकांनाही त्याच मुदतीत द्या. भारताच्या बाबतीत ती ऑगस्टाच्या आत हवी.

करार लागू होईपर्यंतच्या काळात लहान निर्यातदाराच्या प्रमाणपत्राचा खर्च सरकारनं उचलावा. अनुदान म्हणून नको असेल तर भरपाई म्हणा. माझ्यासारख्यांची फी त्यातूनच जाते हे उघड आहे, म्हणून दर सरकारनंच बांधून द्यावा. तो माझ्या आजच्या फीपेक्षा कमी ठरला तरी मी तक्रार करणार नाही.

बियाण्याच्या बटाट्याचा प्रश्न करारात नावानिशी सोडवा, पुढच्या फेरीवर ढकलू नका.

युरोपचे नियम ठरताना आपल्याला जे बोलता येणार आहे, ते कोण बोलणार? त्या खोलीत अधिकाऱ्यांबरोबर शेतकऱ्यांचे प्रतिनिधी असावेत आणि तिथे काय मांडलं हे दर वेळी जाहीर व्हावं. मत गेलं असेल, तर निदान आवाज कोणाचा आहे हे त्या म्हाताऱ्याला कळू द्या.

आणि ऑस्ट्रेलियाच्या कोट्याचा आढावा दरवर्षी संसदेसमोर ठेवा: किती टन आलं, इथल्या भावावर काय परिणाम झाला. लोंढा आलेला नाही असं आपणच म्हणता, तेव्हा आकडे सांगायला अडचण नसावी.

उत्तर इंग्रजीत दिलंत तरी चालेल, त्याचं मराठी मी करून घेईन. मात्र ते यंदाच्या पेरणीच्या आत यावं.

आपली,
एक पशुवैद्यक
मध्य वेल्स (मूळ निफाड तालुका, जि. नाशिक)